मणक्यातली गॅप

‘कंबर धरली’, ‘उसण भरली’, ‘पाठीत लचक भरली’ असं म्हणणारा माणूस दोन-तीन महिन्यांनी ‘माझ्या मणक्यात गॅप आहे’ असं म्हणायला लागतो. या दोन बोलण्यांत फार अंतर आहे. पहिल्यात दुखणं पाहुणं असतं, दुसऱ्यात ते घरचंच होऊन बसलेलं असतं. मधल्या काळात बहुतेक वेळा एकच गोष्ट घडलेली असते, ती म्हणजे पाठीचा फोटो काढलेला असतो. मुळात ‘गॅप’ हा शब्दच आपण उलटा करून घेतला आहे. दोन मणक्यांच्या मध्ये फट असायलाच हवी, कारण तिथे चकती असते. तिलाच आपण गादी म्हणतो. वयानुसार चकतीतलं पाणी कमी होतं, ती थोडी बसते, आणि एक्स-रेवर ती फट कमी झालेली दिसते. डॉक्टर सांगतात ‘गॅप कमी झालीय’ आणि घरी येईपर्यंत तिचं ‘गॅप पडलीय’ होतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सुटत चाललेला, मधून रिकामा झालेला कणा उभा राहतो. त्यानंतर तो माणूस बादली उचलायला भितो, मांडी घालायला भितो, नातवाला कडेवर घ्यायला भितो. कंबर, मान, खांदा किंवा गुडघा दुखायला लागला की सल्ला मागताना आपली सर्वांत महागात पडणारी चूक कोणती, तर फोटोपासून सुरुवात करणं, असं माझं ठाम मत आहे. आधी दुखण्याची हकिगत, मग हातांनी केलेली तपासणी, आणि त्यानंतरही प्रश्न उरला तर फोटो, हा क्रम मोडला की बरं होणारं दुखणंही लांबतं.

याला आधार आहे. 1994 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 माणसांचे कमरेचे एमआरआय काढले. त्यांतल्या 52 टक्के लोकांत निदान एका तरी ठिकाणी चकतीला फुगवटा होता, 27 टक्के लोकांत ती बाहेर डोकावत होती, आणि सगळ्या चकत्या नीट असलेले जेमतेम 36 टक्के निघाले. 2015 मध्ये अशाच 33 अभ्यासांचा, म्हणजे दुखणं नसलेल्या 3,110 माणसांचा, एकत्र आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या. केस पिकावेत, तशी ही झीज आहे. आता दुसऱ्या बाजूने पाहा. 2017 साली छापून आलेल्या एका अभ्यासात, कंबर आणि पाय दुखणाऱ्या 63 वर्षांच्या एकाच बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांच्या आत दहा वेगवेगळ्या केंद्रांत काढला गेला. दहा अहवालांत मिळून 49 निरनिराळे दोष लिहिलेले होते आणि त्यांतला एकही दोष दहाच्या दहा अहवालांत नव्हता. पाठ तीच, बाई त्याच. म्हणजे न दुखणाऱ्या पाठीच्या फोटोत दोष सापडतात, आणि दुखणाऱ्या पाठीत नेमका कोणता दोष आहे यावर अहवालांचं एकमत होत नाही. अशा कागदावर ‘एल-फोर, एल-फाइव्ह, डिस्क बल्ज’ असं छापून आलं, तर आपली कंबर त्यामुळेच दुखते आहे हे त्या ओळीतून सिद्ध होत नाही.

यावर कोणीही विचारेल, आणि विचारावंही, की फोटो काढला तर बिघडलं कुठे? पैसे जातील, पण मन तरी शांत होईल. पण मन शांत झालं, तरी गोष्ट तिथे संपत नाही. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कंबरदुखीच्या 380 रुग्णांपैकी निम्म्यांचा साधा एक्स-रे काढला, निम्म्यांचा एमआरआय. वर्षभरानंतर दोन्ही गटांचं दुखणं आणि हालचाल जवळजवळ सारखीच होती, पण शस्त्रक्रिया मात्र एक्स-रेवाल्यांत चार आणि एमआरआयवाल्यांत दहा जणांच्या झाल्या. बारीक सारीक दिसू लागलं की काहीतरी करण्याची ओढ वाढते, रुग्णाला आणि डॉक्टरलाही. भीतीचा परिणामही खराखुरा असतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 1997 पासून टीव्हीवर जाहिराती दाखवून लोकांना एवढंच सांगितलं गेलं की कंबर दुखली तरी अंथरुण धरू नका, हिंडते-फिरते राहा, कामावर जा. तिथल्या लोकांचीच नव्हे, डॉक्टरांचीही समजूत बदलली, आणि पाठदुखीपोटी कामगारांनी मागितलेल्या भरपाईचे दावे घटले. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये जाहिराती नव्हत्या, तिथे असं काही घडलं नाही. एवढा फरक पडला तो चार शब्द बदलल्याने. ‘गॅप’सारखा शब्द उलट दिशेने काय करत असेल, याचा अंदाज त्यावरून यावा. ‘चकती सरकली’ हीदेखील तशीच भीतीची भाषा आहे. चकती सरकत नाही, तिचं बाहेरचं कडं चिरतं आणि आतला मऊ गर थोडा बाहेर येतो. पुढे अनेकांच्या शरीरात तो गर काही महिन्यांत आपोआप आकसतो, हे पुन्हा पुन्हा एमआरआय काढून पाहिलेलं आहे.

मग चांगला सल्ला कसा ओळखायचा? तो देणारा तुमच्या हातातल्या फोटोंच्या पिशवीकडे पाहण्याआधी तुमच्याकडे पाहतो. दुखणं कधी सुरू झालं, पायात उतरतं का, उतरत असेल तर गुडघ्याच्या वर थांबतं की खाली पोटरीतून पावलापर्यंत जातं, खोकताना कळ येते का, रात्री झोपेतून उठवतं का, हे तो विचारतो. मग चालायला लावतो, आधी टाचांवर, मग चवड्यांवर. टाचांवर चालता आलं नाही तर कमरेतून निघणारी एक शीर दबल्याचा संशय येतो, चवड्यांवर आलं नाही तर तिच्या खालची. तो तुम्हाला उताणं झोपवून गुडघा न वाकवता पाय हळूहळू वर उचलतो. पाय सरळ उभा होण्याच्या आतच गुडघ्याखाली झणझणीत कळ गेली, तर ती शिरेची असण्याची शक्यता असते. नुसती मांडीची मागची बाजू ताणली गेली तर तसं नसतं. तो पायाचा अंगठा आपल्या बोटाने खाली दाबतो आणि तुम्हाला वर ओढायला सांगतो. गुडघ्यावर आणि टाचेच्या मागे रबरी हातोडी मारून पाहतो. या सगळ्याला दहा मिनिटं पुरतात आणि यंत्र काहीच लागत नाही. त्या दहा मिनिटांतून जे कळतं त्याला फोटोतल्या दोषाशी जोडून पाहता येतं. ती दहा मिनिटं झालीच नसतील तर फोटोला काही अर्थ उरत नाही. ‘एमआरआय काढून या’ असं कोणी हात न लावताच सांगितलं, तर नम्रपणे विचारावं, ‘डॉक्टर, त्यात काही निघालं किंवा नाही निघालं, तर उपचार काय बदलणार?’ उत्तर नेमकं असेल तर फोटो जरूर काढावा.

सगळ्यात वजनदार आक्षेप हा की, कॅन्सर असला तर? क्षय असला तर? या भीतीला मी उडवून लावणार नाही, कारण आपल्या देशात मणक्याचा क्षय ही खरोखर भेटणारी गोष्ट आहे. पण या रोगांच्या खुणा हकिगतीतच असतात, आणि म्हणून तर हकिगत आधी. संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन कारणाशिवाय उतरतं, रात्री पडल्यापडल्याही पाठ ठणकते, कण्यावर बोटाने दाबलं की एकाच मणक्यावर कळ येते किंवा तिथे उंचवटा जाणवतो, पूर्वी कुठला कॅन्सर झालेला असतो. यातलं काही असलं तर फोटो आजच काढायचा, थांबायचं नाही. म्हाताऱ्या बाईला हंडा उचलताना किंवा मोरीत घसरून जरासा धक्का बसला आणि पाठ धरली, तर मणका चेपला असू शकतो. वर्षानुवर्षं दम्यासाठी वा सांध्यांसाठी स्टेरॉइड घेणाऱ्याचंही तसंच. वेदनेवरच्या विनालेबल पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, तेव्हा पुडी घेत असाल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. पंचविशी-तिशीतल्या मुलाची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखते, सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली असते, बसून राहिलं की वाढते आणि हिंडलं की मोकळी होते, तर ती साधी लचक नसते. त्याने संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवावं. हा आजार वर्षानुवर्षं ‘गॅप’च्या नावाखाली दडून राहतो. आणि चालताना एका पायातली चप्पल न कळत निसटत असेल, तर पाऊल उचलणारी शक्ती कमी होते आहे, तेव्हा उद्यावर टाकू नये. मांड्यांच्या आतली आणि बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, दोन्ही पाय लुळे वाटू लागले, तर त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठायचं. तिथे काही तासांच्या उशिराने लघवीवरचा ताबा जन्माचा जाऊ शकतो.

या खुणा नसतील, आणि बहुतेकांना त्या नसतात, तेव्हा सल्ल्याचं उरलेलं काम म्हणजे धीर आणि हालचाल. ‘फळीवर झोप, पंधरा दिवस उठू नकोस’ हे घरोघरी सांगितलं जातं. 1986 मध्ये 203 रुग्णांवर केलेल्या अमेरिकेतल्या प्रयोगात निम्म्यांना दोन दिवस आणि निम्म्यांना सात दिवस अंथरुणात राहायला सांगितलं. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस 45 टक्क्यांनी कमी बुडाले, आणि बाकी बाबतीत सात दिवसवाल्यांना जास्तीचं काहीच मिळालं नाही. 1995 मध्ये हेलसिंकी शहराच्या 186 कर्मचाऱ्यांमध्ये तर सोसेल तेवढं रोजचं काम करत राहिलेलेच लवकर सुधारले. फळीचंही तसंच. स्पेनमध्ये 313 जणांत कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं कमी झालं. ऑस्ट्रेलियात 1,600 हून जास्त रुग्णांना पॅरासिटामॉल किंवा तशीच दिसणारी कोरी गोळी दिली, तर बरं व्हायला दोन्हीकडे सतराएक दिवसच लागले. सतरा दिवस हा आकडा मला लोकांना सांगावासा वाटतो. आज उठून बसवत नसलं तरी दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जण सावरतात, हे ऐकूनच पाठीचे ताठलेले स्नायू थोडे सैल होतात.

या सतरा दिवसांतच आणखी एक गोष्ट घडते. उसण भरली की पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. तिने आराम पडल्याचं सांगणारे खोटं बोलत नाहीत. आराम पडतोच. पण पाय लावला नसता तरी पडला असता. हाडवैद्याच्या हाताच्या गुणाचं, पट्ट्याचं, तेलाचं, आणि प्रामाणिकपणे बोलायचं तर पुष्कळशा इंजेक्शनांचंही असंच आहे. ज्याच्याकडे शेवटी गेलो त्याला श्रेय मिळतं. मुक्या मारावर आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लावला तर कोणाचं नुकसान नाही. पण हात-पाय मोडल्याची शंका असताना कामट्या लावून करकचून बांधून घेणं, याला माझा कडक विरोध आहे. हाड गावातल्या माणसानेच बसवावं, दवाखाना चाळीस किलोमीटरवर, असं म्हणणाऱ्याची अडचण मला समजते. निदान एवढं तरी पाहा. बांधल्यावर ठणका कमी होण्याऐवजी वाढत गेला, बोटं गार, निळसर किंवा बधिर झाली, किंवा दुसऱ्याने बोटं हलकेच सरळ केली तरी पोर किंचाळलं, तर पट्टी तिथल्या तिथे कात्रीने कापायची आणि गाडी काढायची. आतले स्नायू रक्ताविना पाच-सहा तासांत मरायला लागतात, मग हात वाचला तरी मूठ वळत नाही.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ‘सोसेल तेवढंच काम करा’ हे ऑफिसातल्या माणसाला सांगणं सोपं आहे. ऊसतोडीला गेलेल्या बाईने ते कसं पाळायचं? ती दिवसभर वाकून कोयता चालवते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन उभ्या फळीवरून ट्रॉलीत चढवते. उचल घेतलेली आहे, खाडा झाला तर पैसे कापले जातात. तिच्यासाठी हिंडतं-फिरतं राहा या सल्ल्याचा अर्थच वेगळा होतो. तिला हालचाल कमी पडत नाही, ओझं जास्त पडतं. म्हणून तिच्या सल्ल्यात पंधरा दिवस मोळी कोण चढवेल, जोडीदाराशी कामाची अदलाबदल करता येईल का, मोळी दोनात बांधता येईल का, हे आलंच पाहिजे, आणि ते मुकादमाला सांगता येईल असं चिठ्ठीवर लिहून मिळालं पाहिजे. केसपेपरवर नाव, वय, गाव लिहून घेतात, तिथेच ‘काम काय करता, दिवसाला किती ओझं उचलता’ हेही विचारलं जावं. कोणी विचारलं नाही, तर आपणहून सांगा, आणि ते लिहिलं जाईपर्यंत खुर्चीवरून उठू नका.