सेवा करिता करिता सापडलेला विश्वास

शास्त्रपाठ : योहान ७:१४–१८ व योहान ४:१–३०

मंदिरात शिकवीत असता प्रभूने जे सांगितले त्यातील सतरावे वचन आज विशेष लक्ष लावून वाचावे. ही शिकवण देवापासून आहे की मनुष्याची आहे, हे कोणास कळेल? जो देवाची इच्छा पाळावयास सिद्ध होतो त्यास, असा प्रभूच्या बोलण्याचा आशय आहे. आधी सर्व समजून घ्यावे आणि मग करावयास लागावे, असा क्रम येथे घातलेला नाही. करणाऱ्यास समजत जाते. आपल्या मंडळ्यांत मात्र पुष्कळांचा समज ह्याच्या उलट आहे. माझाच विश्वास दुबळा, मी दारुड्याच्या दारी कोणत्या तोंडाने जाऊ, असे चांगले चांगले उपदेशकही खाजगीत बोलून दाखवितात. हा पाठ विशेषेकरून त्यांच्यासाठी आहे.

न्यूयॉर्क शहरात ईस्ट नदीच्या काठी वॉटर स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे दारूचे गुत्ते, खलाशांस लुबाडणारे अड्डे आणि घरदार गमावलेली माणसे ह्यांची दाटी असे. त्याच वस्तीत जेरी मकॉली नावाचा आयरिश तरुण नदीवरील जहाजांतून चोऱ्या करून पोट भरी. १८५७ साली, वयाची विशीही पुरी झाली नसता, त्यास वाटमारीच्या आरोपावरून पंधरा वर्षांची शिक्षा होऊन सिंग सिंगच्या तुरुंगात पाठविण्यात आले. तेथील उपासनेत एका मनुष्याची साक्ष त्याने ऐकिली. तो मनुष्य पूर्वी पैजेच्या मुष्टियुद्धाबद्दल प्रसिद्ध होता. त्या साक्षीने मकॉली शुभवर्तमान वाचू लागला व तुरुंगाच्या कोठडीतच त्याने पश्चात्ताप केला. १८६४ साली त्यास माफी मिळाली.

येथपर्यंतची गोष्ट आपणास गोड लागते. पुढची गोष्ट सांगावयास आपण कचरतो, पण तीच ह्या पाठाला उपयोगाची आहे. बाहेर आल्यावर त्यास हात देणारा कोणी ख्रिस्ती मनुष्य जवळ नव्हता. जुने सोबती मात्र होते. तो पुन्हा दारूकडे वळला, पुन्हा चोरीकडे वळला. पुढे एका शहर-उपदेशकाने त्यास शोधून काढिले, तेव्हा तो पुन्हा उठला; तरी त्यानंतरही तो डळमळलाच. १८७२ साली त्याने व त्याची पत्नी मारिया हिने वॉटर स्ट्रीटवर ३१६ क्रमांकाच्या घरात मिशन उघडिले, तेव्हा उघडणारा मनुष्य असा अनेकदा पडून उठलेला होता. मारियाही पूर्वी दारूच्या पाशात सापडलेली होती. आपल्या एखाद्या पंचमंडळीपुढे हे जोडपे अर्ज घेऊन आले असते, तर किती पंचांनी हात वर केला असता?

त्या घरात रात्रीच्या सभा चालत. उपदेश थोडा आणि साक्षी पुष्कळ, अशी रीत होती. बोलणाऱ्यास एकाच मिनिटाची मुदत असे. ज्याने नुकताच पश्चात्ताप केला त्यासही लवकरच उभे राहून बोलावयास लावीत. तो पंडित व्हावा म्हणून कोणी वाट पाहात नसे. (लांब प्रार्थना करणाऱ्या आपल्या वडील मंडळीने त्या मिनिटाचा विचार करावा.)

मकॉलीने पुढे १८८२ साली त्याच शहरात दुसरे मिशन उघडिले. त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात तेथे सॅम्युएल हॅडली नावाचा मनुष्य आला. दारूसाठी विकण्याजोगे होते नव्हते ते सर्व त्याने विकले किंवा गहाण टाकिले होते. त्यास राहावयास घर नव्हते, आणि दारूच्या झटक्यांनी चार रात्री त्याची झोप उडाली होती. सुटका झालेल्यांच्या साक्षी ऐकून तो गुडघ्यांवर आला. ही तृष्णा देवाने काढून टाकिली तर जन्मभर त्याचे काम करीन, असे वचन त्याने त्याच रात्री दिले. मकॉली १८८४ साली क्षयाने वारला. १८८६ पासून १९०६ साली मरण येईपर्यंत हॅडली वॉटर स्ट्रीटचे काम पाहात होता. विल्यम जेम्स ह्या मानसशास्त्रज्ञाने १९०२ साली धार्मिक अनुभवांवरील आपल्या ग्रंथात त्याची हकीकत घातली आहे.

हे परदेशी दारुड्यांचे झाले. आमच्यासारख्या बाप्तिस्मा घेतलेल्या, शिकलेल्या सेवकांस ते कसे लागू पडते, असे कोणी विचारील. त्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावे. त्या स्वतः अनाथपणे देशभर पायी हिंडल्या होत्या. आईबाप त्यांनी दुष्काळाच्या काळात गमाविले. १८८३ साली इंग्लंडात असता त्यांनी लंडनमधील फुलम येथे धर्मभगिनींचे एक घर पाहिले. पतित म्हणून टाकिलेल्या स्त्रियांस तेथे मायेने वागवीत. ह्या स्त्रियांची काळजी तुम्ही का वाहता, असे बाईंनी विचारिले, तेव्हा त्यांस शोमरोनी स्त्रीचा तो चौथा अध्याय वाचून दाखविण्यात आला. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तथापि शोध तेथे संपला नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन उघडिले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. निराधार विधवांस आसरा देण्यात त्या रात्रंदिवस गुंतल्या असता त्यांच्या हाती हॅझलम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त आले. हा पाळक कित्येक दिवस धर्मसेवा करीत असूनही, १८५१ साली कॉर्नवॉलात स्वतःच उपदेश करीत असता पालटला होता. ते वाचून बाईंस उमजले की आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त अजून मिळावयाचा आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, हातात काम असता, त्यांस तो मिळाला. काम टाकून त्या कोठे गेल्या नाहीत. पुढे केडगावी मुक्तिमिशनात त्यांनी पतित स्त्रियांसाठी कृपासदन काढिले. फुलमचे ते घर त्या विसरल्या नव्हत्या.

ह्यावरून सेवा ही विश्वासाची किंमत आहे, असे कोणी समजू नये. तारण कृपेनेच आहे. तसेच आपला विश्वास वाढावा म्हणून दारुड्यास साधन करणेही नीच आहे. तो मनुष्य आहे, आपली शिडी नव्हे. भाकर द्यावयाची तर ती उपदेश ऐकण्याच्या अटीवर देऊ नये. पोटासाठी ख्रिस्ती झाले, हा टोमणा आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ सोसला आहे.

उपदेशकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. जो वर्षानुवर्षे रोज फार पितो त्याने एकाएकी दारू सोडिली, तर दोनतीन दिवसांत अंग कापणे, फेफरे येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात व कधी कधी जीवही जातो. हॅडलीच्या रात्री अशाच गेल्या होत्या. म्हणून अशा मनुष्यास खोलीत कोंडून किंवा बांधून नुसती प्रार्थना करीत बसू नये. प्रार्थना करावी आणि त्यास दवाखान्यात न्यावे. रात्री त्याच्या उशाशी पाळीपाळीने बसावे. तो बरा होऊन घरी आला की त्यास लगेच काही काम सोपवावे : मंदिर झाडणे, कंदील पुसणे, दुसऱ्या आजाऱ्यास पाणी नेऊन देणे. तो पुन्हा प्यायला, तर ते काम दुसऱ्यास कायमचे देऊन टाकू नये. त्याच्यासाठी राखून ठेवावे.

ह्या आठवड्याच्या घरगुती उपासनेत योहानाचा चौथा अध्याय मोठ्याने वाचावा. आपल्या गावात मंडळीबाहेर कोण पडला आहे, त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि मग दोघांनी मिळून त्याच्या घरी जावे. घर नसेल, तर तो जेथे निजतो तेथे.