वडील हयात नाहीत, मग डीएनए कोणाचा जुळवायचा?

प्रश्न : माझे वडील वारले. आता एक गृहस्थ ‘मीही त्यांचाच मुलगा’ म्हणत आमच्या वाडीत हिस्सा मागताहेत. डीएनए टेस्टला ते एका पायावर तयार आहेत. मी एकुलती एक मुलगी. माझ्या रक्तावरून खरं-खोटं ठरेल का?
– एक वाचक, नालासोपारा पश्चिम

उत्तर : तुमच्या एकटीच्या नमुन्यावरून ठाम उत्तर मिळणं कठीण आहे.

वडील असते तर काम सोपं होतं. पितृत्व चाचणीत डीएनएवरच्या वीसेक ठरावीक जागा तपासतात. प्रत्येक जागी मुलाचे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. समजा एका जागी मुलाचे आकडे १२ आणि १५ आहेत, आईचे १२ आणि १४. मग १५ बापाकडूनच यायला हवा. एखाद्या जागी तो नसला तर क्वचित होणारा बदल म्हणून सोडून देता येतं, पण तीन-चार जागी फरक निघाला की तो माणूस बाप नव्हे. सगळं जुळलं तर अहवालात ९९.९९ टक्के किंवा त्याहून जास्त शक्यता लिहितात. पूर्ण १०० कोणी लिहीत नाही.

वडील नसताना भावंडांचे नमुने जुळवावे लागतात; पण बाप एक आणि आई वेगळी अशा भावंडांत डीएनएचा सरासरी पाव हिस्साच समान असतो. त्यामुळे अशा चाचणीचा निकाल पुष्कळदा ‘असेलही, नसेलही’ असा मधेच लटकतो. वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं, म्हणजे तुमच्याकडे ते नाहीच. त्यासाठी तुमचे सख्खे काका किंवा त्यांचा मुलगा लागेल. काकांशी वाय जुळलं नाही तर दावा जवळपास तिथेच संपला. जुळलं तर मात्र एवढंच कळेल की घराणं एक आहे. बाप तुमचे वडील की काका, हे वाय सांगत नाही. दावा करणारी बाई असती तर एक्स गुणसूत्र उपयोगी पडलं असतं, कारण बाप आपलं एकमेव एक्स सगळ्या मुलींना जसंच्या तसं देतो.

आणखी एक चाचणी ‘मायटोकॉन्ड्रियल’ डीएनएची. हा शब्द वसईकरांनी पेपरात वाचला तो २०२२ साली दिल्लीत खून झालेल्या वसईच्या तरुणीच्या तपासात. हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेने केस आणि हाडाच्या तुकड्यातला हा डीएनए तपासला. तुलनेला वडिलांचे आणि भावाचे नमुने होते. हा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, त्यामुळे या चाचणीत खरा उपयोग भावाच्या नमुन्याचा. तुमच्या प्रश्नात आया वेगळ्या, तेव्हा ही चाचणी बाद.

आता कोर्ट. २०२१ मध्ये मालमत्तेच्याच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, इतर पुरावा देता येत असेल तर कोणालाही इच्छेविरुद्ध डीएनए चाचणीला भाग पाडू नये. २०२३ मध्ये पुण्याच्या एका दाम्पत्याच्या खटल्यात मुलाच्या चाचणीचा कौटुंबिक न्यायालयाचा आदेशही त्याच न्यायालयाने रद्द केला. उलट नागपूरच्या एका प्रकरणात, अहवाल हाती असताना कायद्याच्या गृहीतकापेक्षा विज्ञान वरचढ, असं याच न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं होतं. हे गृहीतक तुमच्या वकिलांनी आधी तपासावं : त्या गृहस्थांच्या जन्मावेळी त्यांच्या आईचं लग्न दुसऱ्याशी झालेलं होतं का? असेल, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ नुसार (जुनं ११२) कायद्याच्या लेखी ते त्या नवऱ्याचेच पुत्र. त्या काळात पती-पत्नीचा संबंध येणंच शक्य नव्हतं, हे आधी सिद्ध करावं लागतं.

ऑनलाइन मागवलेल्या किटचा अहवाल घरच्या समाधानापुरता. गालाच्या आतून काडी कोणी फिरवली, पाकीट कोणी सील केलं, याची साक्षीदारांसह नोंद नसेल तर समोरचा वकील एका मिनिटात तो उडवतो. कोर्टाच्या आदेशाने होणारे नमुने सहसा कलिन्याच्या सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात.

आणि एक. वडिलांचं कधी ऑपरेशन किंवा बायोप्सी झाली होती का? तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात (लॅबवाले ‘ब्लॉक’ म्हणतात) बऱ्याचदा कित्येक वर्षं जपलेला असतो. फॉर्मलिनमुळे त्यातला डीएनए थोडा झिजतो, तरी पुष्कळदा पुरेसा निघतो. तो मिळाला तर काकांना मधे आणायची गरजच नाही. थेट पितृत्व चाचणी होईल. जुनी फाईल काढा, त्यावरचा बायोप्सी नंबर घेऊन लॅबला लेखी अर्ज करा. ठोकळा मात्र घरी आणू नका, कोर्टामार्फतच मागवा.