कुलपातले शंकरपाळे

"खाऊचा डबा मी कपाटात घालून कुलूप लावलं, आणि बिघडलं ते तिथूनच," ठाण्यातली एक आई सांगते. लेक चौथीत. शाळेच्या तपासणीत तिचं वजन जास्त निघालं आणि त्याच रात्रीपासून घरात पंक्तिप्रपंच सुरू झाला. धाकट्याच्या भातावर तुपाची धार, लेकीच्या ताटात काकडी. दर रविवारी वजनकाटा. पाहुण्यांचं "किती सुटलीस गं!" होतंच.

तीन महिन्यांनी गादी उचलली, तर खाली बिस्किटांच्या पुड्यांचे कागद. आई संतापली. पोरगी एवढंच म्हणाली, "तुमच्यासमोर खायची भीती वाटते."

ते वाक्य त्या आईला अजून बोचतं. पण असं तिच्या एकटीच्याच घरात घडलेलं नाही. समोर दिसणारा, पण मनाई असलेला खाऊ मुलांना जास्तच हवासा वाटतो, हे जेनिफर फिशर आणि लीअन बर्च या अमेरिकी संशोधकांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१६ मध्ये किशोरवयीन मुलांबाबत याच दिशेचा सल्ला दिला: डाएटच्या मागे लावू नका, वजनावरून बोलू नका, एकत्र जेवा.

या मुलीच्या डॉक्टरांनी तिच्या वाढीचा आलेख पाहिला आणि वजन उतरवण्याचं लक्ष्य दिलंच नाही. वाढत्या वयात वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली, तरी प्रमाण सुधारतं.

मग कुलूप गेलं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची वाटणी या घराने स्वीकारली: काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं; किती खायचं, हे मुलांनी. स्वयंपाक सगळ्यांना एकच. संध्याकाळी ठरल्या वेळी खाऊ: कधी पोहे, कधी उसळ, कधी शंकरपाळेसुद्धा, पण बशीत घेऊन, टीव्ही बंद करून. शीतपेयाच्या बाटल्या बाबांसाठीही येईनाशा झाल्या. नियम एकट्या मुलीला लावला तर ती शिक्षाच होते.

पहिले पंधरा दिवस पोरगी शंकरपाळ्यांवर तुटून पडली. "तेव्हा गप्प बसणं सगळ्यांत अवघड गेलं," आई म्हणते. इथेच अनेक पालक धीर सोडतात आणि कुलूप परत लागतं. तिने लावलं नाही. "पानात टाकू नये" म्हणणाऱ्या आजींनाही समजवावं लागलं. आता पोरगी स्वतःच थोडं थोडं वाढून घेते.

दिवाळीत अर्धी करंजी बशीत ठेवून ती खाली लंगडी खेळायला पळाली. "संपव गं" हे आजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी बशी उचलली आणि करंजी झाकून ठेवली.