तयार तुकडा

विद्यार्थी मित्रांनो, पत्रलेखनाच्या पाठात तुम्ही मायना शिकलात. वडिलांना मराठीत पत्र लिहायचे असेल, तर ‘तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार’ अशी सुरुवात करतात. उर्दूत आपण ‘वालिद-ए-मोहतरम, अस्सलामु अलैकुम’ असे लिहितो. ही सुरुवात कोणी दर वेळी नव्याने शोधत नाही. ती ठरलेली असते. तारीख, गाव आणि मजकूर तेवढा बदलतो.

संगणकावर लिहिणाऱ्यांनीही अशीच सोय करून ठेवली आहे. तिला स्निपेट म्हणतात. स्निपेट म्हणजे तुकडा. पुन्हा पुन्हा लागणारा मजकूर एकदा लिहून ठेवायचा आणि त्याला दोन-तीन अक्षरांचे छोटे नाव द्यायचे. ते नाव लिहिले, की सगळा तुकडा पडद्यावर हजर होतो!

आम्हाला याची गरज कशी पडली, ते सांगतो. आमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. आमच्या नववीच्या वर्गाने चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातील झाडांची यादी करायचे ठरवले. (1982 पर्यंत हा एकच जिल्हा होता, त्यामुळे यादीही एकच केली.) मराठी नाव, उर्दू नाव आणि उपयोग असे तीन रकाने होते. साग म्हणजे सागवान, चिंच म्हणजे इमली, कडुनिंब म्हणजे नीम. तेंदूसमोर मुलांनी लिहिले, ‘पाने विडीसाठी, 70 पानांचा एक पुडा’. मोहासमोर काय लिहावे आणि काय नको, यावर अर्धा तास वाद झाला. उर्दू नावे बहुतेक एका मुलीच्या नानीने सांगितली. नानींना आता नीट दिसत नाही, पण झाडाची साल हाताला लागली की त्या नाव सांगतात.

ही यादी वेबपानावर ठेवायची होती. तेथे खरी अडचण आली. मराठी डावीकडून उजवीकडे जाते आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. ही गोष्ट संगणकाला सांगावी लागते. सांगितली नाही, तर उर्दू वाक्याच्या शेवटचे उद्गारचिन्ह सुरुवातीला जाऊन बसते. उर्दूच्या मध्ये एखादा मराठी शब्द आला, तर वाक्याचे तुकडे उलटसुलट लागतात. म्हणून उर्दूच्या प्रत्येक रकान्यात दोन खुणा लिहायच्या. एक दिशेची आणि दुसरी भाषेची. झाडे चाळीसच्या वर, तेव्हा मुले कंटाळली.

मग आम्ही व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरमध्ये स्निपेट तयार केले. हा एडिटर फुकट मिळतो. फाइल या मेनूत प्रेफरन्सेस आणि त्यात कॉन्फिगर स्निपेट्स निवडा. कोणत्या भाषेसाठी हवे, असे विचारले की एचटीएमएल निवडा. एक फाइल उघडते. त्यात प्रिफिक्स म्हणजे छोटे नाव लिहायचे आणि बॉडी म्हणजे मूळ तुकडा. तुकड्याची प्रत्येक ओळ दुहेरी अवतरणात येते आणि दोन ओळींमध्ये स्वल्पविराम लागतो. आमच्या मुलांचा एक तास या स्वल्पविरामानेच खाल्ला.

जेथे मजकूर बदलणार आहे, तेथे $1, $2, $3 अशा खुणा ठेवा. तुकडा पडद्यावर आला, की आपण $1 च्या जागी असतो. मराठी नाव लिहा आणि टॅबची कळ दाबा. उर्दू नावाच्या जागी जाल. पुन्हा टॅब, की उपयोग. $0 ही शेवटची जागा. हीच पद्धत 2004 साली आलेल्या टेक्स्टमेट या एडिटरमुळे लोकप्रिय झाली होती.

स्निपेट बनवले मी. सगळी यादी एका दुपारी पूर्ण झाली. मी खूश होतो. त्या मुलीने घरी जाऊन नानींसाठी फोनला ते पान वाचायला लावले. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “सर, नानी विचारते, हा परका माणूस कोण बोलतो? याला माझी झाडे ओळखता येत नाहीत.”

मी पाहिले. भाषेच्या खुणेत ‘यू-आर’ म्हणजे उर्दू लिहायचे, तेथे मी ‘ए-आर’ म्हणजे अरबी लिहिले होते. पडद्यावर अक्षरे तीच दिसत होती, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. फोनने मात्र खूण पाहून अरबी आवाज निवडला. अरबीत ‘प’ नाही, ‘ट’ नाही आणि ‘च’ही नाही. मग पीपल, चिरौंजी तो कसे उच्चारणार? हाताने लिहिताना माझी चूक एखाद्या ओळीत झाली असती. तुकड्यातली चूक प्रत्येक ओळीत गेली.

मी लगेच स्निपेट दुरुस्त केले आणि पान पुन्हा उघडले. काहीही बदलले नव्हते! मित्रांनो, येथे नीट लक्ष द्या. तुकडा एकदा पानात उतरला, की त्याचा मूळ स्निपेटशी संबंध उरत नाही. मूळ सुधारले, तर पुढच्या ओळी सुधारतात. आधीच्या तशाच राहतात.

त्या शोधून बदलाव्या लागल्या. ‘सगळे बदला’ हे बटण दाबायला मी निघालो होतो. त्याच मुलीने मला थांबवले. पानाच्या माथ्यावर बिस्मिल्लाह होती आणि ती अरबीच आहे. म्हणून आम्ही एकेक ओळ पाहत गेलो. चव्वेचाळीस ठिकाणी ‘ए-आर’ सापडले. त्रेचाळीस बदलले.

स्वाध्याय : मायना आणि स्निपेट यांत काय साम्य आहे, ते दोन वाक्यांत सांगा. आपल्या घराजवळील पाच झाडांची मराठी व उर्दू नावे मोठ्या माणसांना विचारून लिहा. त्यांच्यासाठी स्निपेट बनवाल, तर $1, $2, $3 कोठे ठेवाल, ते वहीत दाखवा.