लग्नाचे लायसन्स की लग्नाची नोंद?



लगीनसराई जवळ आली की धर्मग्रामाच्या कचेरीत एक प्रश्न हमखास येतो: "फादर, लग्नाचे लायसन्स कुठे मिळते?" हा शब्द बहुधा परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेला असतो. अमेरिकेत वधूवरांना लग्नाआधी सरकारी कचेरीतून तसा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे कॅथलिक वधूवरांना असा परवाना लागत नाही. पण म्हणून सरकारी कचेरीशी आपला संबंधच नाही, असेही नाही. म्हणून या रविवारी आपण हा विषय नीट समजून घेऊ.

कायदा काय सांगतो?

आपल्या लग्नांना 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू आहे. वधूवरांपैकी एक जण जरी ख्रिस्ती असला तरी हा कायदा लागू होतो. कॅथलिक धर्मगुरूने ख्रिस्तसभेच्या नियमांप्रमाणे लावलेले लग्न या कायद्याने ग्राह्य आहे. महागुरुस्वामींनी ठरवून दिलेल्या नमुन्यात आम्ही त्याची नोंद वहीत करतो आणि दर तीन महिन्यांनी तिचा तपशील सरकारकडे पाठवावा, असे कायदा सांगतो.

मग ग्रामपंचायत किंवा नगर परिषद कशाला? 14 फेब्रुवारी 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या नागरिकांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असे राज्यांना सांगितले. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा 1998 चा आहे. त्यानुसार लग्न झाल्यापासून 90 दिवसांच्या आत अर्ज द्यायचा असतो. उशीर झाला तर विलंब शुल्क पडते. अर्जावर पतीपत्नी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा धर्मगुरू यांच्या सह्या लागतात. सोबत वयाचा व राहण्याचा पुरावा, फोटो आणि चर्चचा विवाहाचा दाखला जोडावा. पासपोर्ट, व्हिसा, बँक, पेन्शन अशा कामांत सरकारी प्रमाणपत्र असले की वाद राहत नाही.

एका नावाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विधवा भगिनी आली. नवरा अचानक गेला होता, पदरात दोन मुले. त्याच्या नोकरीची रक्कम मिळण्यासाठी तिला विवाहाचा पुरावा द्यायचा होता. सरकारी नोंदणी कधी केलीच नव्हती. चर्चच्या वहीत नोंद होती, पण तिथे तिचे घरात हाक मारायचे नाव लिहिलेले, आणि बाकी सर्व कागदांवर शाळेतले नाव. ही दोन्ही नावे एकाच बाईची, हे सिद्ध करायला तिला कित्येक हेलपाटे घालावे लागले. यात चूक कचेरीतल्या कारकुनाची नव्हती, चर्चच्या वहीत नाव लिहिणाऱ्या लेखणीची होती. तेव्हापासून आम्ही वधूवरांकडून शाळा सोडल्याचा दाखला मागतो. कोणी म्हणते, "फादर, तुम्ही तर लहानपणापासून ओळखता!" आम्ही ओळखतो, बाळांनो, पण आमच्यानंतर ती वही उघडणारा ओळखणार नाही.

विशेष विवाह कायदा

आपली काही मुलेमुली अन्य धर्मीय जोडीदार निवडतात आणि थेट सरकारी कचेरीत जातात. तिथे 1954 चा विशेष विवाह कायदा लागू होतो. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहत असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कचेरीच्या फलकावर लागते. 30 दिवसांत कायदेशीर हरकत आली नाही, तर तीन साक्षीदारांसमोर लग्न होते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही, तर नोटीस पुन्हा द्यावी लागते.

हरकत कशाची घेता येते, हे आईवडिलांनीही जाणून घ्यावे. वय कमी असणे (मुलगा 21, मुलगी 18), आधीचा जोडीदार हयात असणे, जवळचे निषिद्ध नाते, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणे, एवढीच कारणे आहेत. घरच्यांची नाराजी हे कारण नाही.

याआधीचा 1872 चा नोंदणी विवाहाचा कायदा वेगळा होता. त्याखाली लग्न करताना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा कोणताच धर्म मानत नाही, असे सांगावे लागे. पंडिता रमाबाईंनी 1880 मध्ये बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी विवाह केला तो त्याच काळात. 1954 च्या कायद्याने ही अट काढली. आज कोणालाही लग्नासाठी आपला धर्म नाकारावा लागत नाही.

फलकावरची नोटीस अनेकांना अपमानास्पद वाटते. मुलगा व मुलगी घरच्यांच्या भीतीने आलेली असतील तर ती भीती खरी असते, हे आम्ही नाकारत नाही. पण जाहीर करण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. चर्चमध्ये लग्नाची घोषणा करण्याचा नियम 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेने सर्व ख्रिस्तसभेला घालून दिला. चोरून लग्न करून नंतर बायकोला टाकून देणाऱ्यांना आळा बसावा, हा त्यामागचा एक हेतू.

दोन कचेऱ्या, एक शब्द

संत थॉमस अक्वायनस सांगतात की विवाह समाजाच्या हितासाठी आहे म्हणून तो नागरी कायद्याच्या कक्षेत येतो, आणि तो संस्कार आहे म्हणून ख्रिस्तसभेच्या. म्हणून एक नोंद दुसरीची जागा घेत नाही. कॅथलिक व्यक्तीने केवळ कचेरीत लग्न केले, तर राज्याच्या दृष्टीने ते पूर्ण आहे. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने नाही. अशी जोडपी आपल्या धर्मग्रामात असतील तर त्यांनी संकोच न करता यावे. त्यांना रागे भरण्यासाठी आम्ही बसलेलो नाही. बहुतेक वेळा मार्ग निघतो. आणि जी अजून कचेरीत गेलेली नाहीत, त्यांनी आधी आमच्याकडे यावे. अन्य धर्मीय जोडीदाराशी चर्चमध्ये लग्न होऊ शकते. त्यासाठी महागुरुस्वामींची सूट लागते आणि तिला वेळ लागतो.

योसेफ आणि मरिया नावनोंदणीसाठी नासरेथहून बेथलेहेमला गेले. अवघडलेल्या दिवसांत एवढा प्रवास त्यांनी सरकारी हुकमासाठी केला, आणि त्याच वाटेवर तारणारा जन्मला. तेव्हा ग्रामपंचायतीची पायरी चढताना कमीपणा वाटून घेऊ नये.

एवढे लक्षात ठेवा: लग्नाच्या किमान तीन महिने आधी कळवा. स्नानसंस्काराचा व शाळा सोडल्याचा दाखला आणा. सर्व कागदांवर नाव एकच आहे ना, ते पाहा. लग्नानंतर 90 दिवसांत सरकारी नोंदणी करा. ज्यांची लग्ने जुनी आहेत आणि नोंदणी राहिली आहे, त्यांनी मिस्सानंतर भेटावे. चर्चच्या वहीचा उतारा आम्ही देऊ.

प्रभू तुमच्या घरांना आशीर्वाद देवो.