गुळाच्या पाण्यात न वाढणारी बुरशी

निपाणी म्हटलं की काळं रान आणि तंबाखू, असंच लोक धरून चालतात. पण वेदगंगेला लागून असलेली आमची पट्टी रेताड आहे. सकाळी पाणी पाजलं तरी दुपारी वरची माती कोरडी, आणि टाकलेलं खत पाण्याबरोबर खाली. मिरची तिथं जगायची, पण भरायची नाही. म्हणून मायकोरायझाची, म्हणजे मुळांशी नातं जोडणाऱ्या बुरशीची, पिशवी आणली.

दुकानात सोबत सल्लाही मिळाला: बॅरलात पाणी, गूळ, थोडं बेसन, त्यात ही पावडर, आठवडाभर ढवळा आणि रानात सोडा. जीवामृत आणि ट्रायकोडर्मा असंच वाढवायची आपल्या हाताला सवय, शिवाय या भागात गुळाला काय तोटा? बॅरलावर पांढरी साय धरली, आंबूस वास सुटला. मिरची मात्र दरसालसारखीच निघाली.

पुढं समजलं, ती साय दुसऱ्याच जीवांची. ही बुरशी गुळावर वाढतच नाही. तिला जिवंत मूळ लागतं. पीक पानांत केलेली साखर तिला मुळातून देतं, बदल्यात ती स्फुरद आणून देते. स्फुरद मातीत फारसा हलत नाही. मुळाभोवतीचा एकदोन मिलिमीटरचा संपला की मूळ उपाशी, मग पुढं कितीही पडलेला असो. बुरशीचे केसाहून बारीक धागे तिथून काही सेंटिमीटर पुढं जातात आणि जाताना वाळूचे कणही धरून ठेवतात. मात्र रानात मुळात नाही ते ती कुठून आणणार? शेणखत सुटत नाही.

तेव्हा पावडर मुळाला भिडेल अशी द्यायची. मिरची-वांग्याच्या तरव्यात बी टाकायच्या रेघेत ती पसरा, वर बी, वर बारीक माती. लागणीच्या वेळी देणार असाल तर खड्ड्यात, मुळाच्या खाली. पिकाच्या माथ्यावर फवारून काही होत नाही.

लागणीला ओंजळभर डीएपी टाकायची आपली खोड इथं नडते. स्फुरद आयता मिळाला की झाड बुरशीला पोसत नाही. आधी माती तपासून घ्या. स्फुरद भरपूर निघाला तर पिशवीचे पैसे वाचले म्हणायचे. रोपं कोलमडतात म्हणून कार्बेन्डाझिमची आळवणी करता, तीही हिला सोसत नाही.

बेळगावच्या बाजाराकडे बघून कोबी करणाऱ्यांनी तर हिच्या वाटेला जाऊच नये. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांच्या मुळांशी ती नातं जोडत नाही. पालक, बीट आणि राजगिऱ्याचंही तेच. पिशवीवर मात्र ‘सर्व भाजीपाल्यासाठी’ छापलेलं असतं! कांदा, मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, शेंगवर्गीय पिकं यांना ती चालते. कोबी निघाल्यावर रान रिकामं ठेवू नका. मका किंवा जोंधळा पेरलात तर रानात मूळची असलेली बुरशीही तगते. ही मूळची बुरशी आपण विसरतो. जिथं नांगरट कमी आणि वर्षभर काही ना काही उभं असतं, तिथं विकतच्या पिशवीनं फारसा फरक पडणारही नाही.

वाढवायचीच असेल तर कुंडीत वाढवा. वाळू आणि माती ओली करून प्लॅस्टिकखाली कडक उन्हात काही आठवडे तापवा, नाहीतर सूत्रकृमी आणि मररोगही सोबत वाढतील. त्यात चिमूटभर पावडर घालून मका लावा. दोन-तीन महिन्यांनी पाणी तोडा, वाळलेला मका कापा आणि मुळं बारीक चिरून त्याच वाळूत मिसळा. हेच तुमचं विरजण.

विकत घेताना तारीख बघा, पत्र्याखाली तापलेला माल घेऊ नका. मायकोरायझा खत नियंत्रण आदेशात येतो, त्यामुळं पिशवीवर जिवंत घटकांची संख्या असायलाच हवी. आणि एक सरी पावडरीविना सोडा, नाहीतर फरक पावसाचा की बुरशीचा हे कळायचं कसं? उपटलेल्या मिरचीच्या मुळांना वाळू चिकटून आली म्हणजे बुरशी लागली, असं काहीजण सांगतात. पण ते काम मुळांवरची लवही करते. खात्री हवी तर कुंडीतल्या मक्याची बारीक मुळं घेऊन विज्ञान शिकवणाऱ्या ओळखीच्या कुणाला गाठा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मुळं उकळायची, धुवायची, व्हिनेगरमध्ये थोडी निळी शाई घालून रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. बुरशी असेल तर मुळाच्या आत निळे धागे दिसतात. नसतील, तर त्या दुकानाची पुढची पिशवी घेऊ नका.