फवारा मारणाऱ्या माणसाचे शिक्षण



उसातले तणनाशक आणि कपाशीवरचे कीटकनाशक, ही दोन्ही कामे आपल्या वावरात बहुधा एकच माणूस करतो. पंपही एकच असतो. बेणे कोणते, खत किती, पाण्याची पाळी कधी, यावर आम्ही ऊस विकास विभागाची माणसे दर हंगामात तुमच्याशी बोलतो. पण पंप पाठीवर घेणाऱ्याला कोणी काय शिकवले, हे ना तुम्ही विचारता ना आम्ही. या अंकात तेवढेच पाहू.

कारखान्याच्या आवारात ही गोष्ट नशिबावर सोडलेली नसते. बॉयलर चालवणाऱ्याला परीक्षा देऊन दाखला मिळवावा लागतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली व १,००० किंवा त्याहून अधिक कामगार असतील तेथे सुरक्षा अधिकारी नेमणे आले. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ च्या डिसेंबरात झाली, त्यानंतर १९८७ साली घातक प्रक्रियांबद्दलची कलमे वाढली. पुढे या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आणि १,००० चा आकडा ५०० वर आला. या अधिकाऱ्यांसाठी मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे. बंद टाकीत माणूस उतरवण्याआधी आतली हवा तपासणे, वेल्डिंगआधी लेखी परवानगी घेणे, अशा गोष्टी हा अधिकारी पाहतो. कुंपणाबाहेर, आपल्या धुऱ्यावर, असा कोणी नाही.

त्याची किंमत शेजारच्या जिल्ह्याने मोजली. सन २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात गेले, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती. माणूस पिकात शिरला की फवारा वरून अंगावर उतरत होता. उकाडा, घाम, अंगात भिजलेला सदरा. त्यात दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची रीत, आणि बारीक तुषार उडवणारे बॅटरीचे पंप. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले. मेलेल्यांत रोजाने गेलेले पुष्कळ होते. बाटलीवर काय लिहिले आहे हे त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते.

आपल्या जिल्ह्यातलेही उदाहरण आहे, काम निराळे असले तरी. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ सोनेगाव (आबाजी) येथे जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट होऊन ६ जण ठार झाले. त्यांत आसपासच्या खेड्यांतून रोजाने आणलेले मजूर होते. जोखमीचे काम आणि रोजाचा माणूस, ही जोडी कुठेही बरी नाही.

कायदा याबाबतीत अगदीच मुका आहे असे नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली १९७१ साली नियम झाले. त्यातला ४२ वा नियम प्रशिक्षणाचाच आहे. पण त्यात नावे येतात ती उत्पादक, वितरक आणि धंदा म्हणून फवारणी करणारे यांची. तुमचा सालगडी त्यात कुठे बसतो याचा कीस वकील मंडळींनी काढावा. आमच्या मते ज्याचे वावर, त्याने शिकवावे.

शिकवायचे काय? पहिली गोष्ट, विष तोंडानेच जाते हा समज काढून टाकणे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे कातडीतून शरीरात भिनतात. आपल्या शरीरात मज्जातंतूचा निरोप स्नायूंना पोचला की तो थांबवणारे एक द्रव्य असते. ही औषधे त्या द्रव्यालाच बांधून टाकतात. मग निरोप थांबत नाही. लाळ सुटते, घाम फुटतो, ओकाऱ्या होतात, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो. गळका पंप पाठ भिजवतो तेव्हा हे काम चालू झालेले असते. म्हणून पंपाची गळती सकाळी साध्या पाण्याने तपासावी, औषध भरल्यावर नाही. चोंदलेला नोझल तोंडाने फुंकणारे आम्ही आजही पाहतो. दोन रुपयांचा जुना दातांचा ब्रश खिशात ठेवला तर ती वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट बाटलीवरचा त्रिकोण. लाल अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. अक्षरओळख नसलेल्यालाही रंग कळतो. हिरवा म्हणजे पिण्याजोगे नव्हे, हे मात्र सांगावे लागते, हसू नका.

हातमोजे, चष्मा, तोंडावरचे कापड हे सर्व हवेच. पण ऑक्टोबरच्या उन्हात रबरी कोट घालून कोणी दिवस काढत नाही, आणि वाटलेले संच खुंटीवर लटकतात. तेव्हा शिक्षणात वेळ आणि वारा यांवर जास्त भर द्यावा. सकाळी ऊन चढण्याआधी, वारा पाठीमागून घेऊन चालावे. पीक डोक्यावर गेले असेल तर आत शिरून फवारूच नये. अंगावर बाह्यांचा सदरा, आणि काम झाले की साबणाने आंघोळ. ते कपडे घरच्या धुण्यात घालू नयेत, नाहीतर धुणारीला बाधा व्हायची.

उसात २,४-डी मारणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. त्याचा तुषार वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर गेला की पाने बोटांसारखी अरुंद होतात. न धुतलेला तोच पंप कपाशीत नेला तरी तेच. धुऱ्यावरची भांडणे यातूनच लागतात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, त्याला चपट्या फवाऱ्याचा नोझल लावावा, धुण्याचे पाणी विहिरीत वा नाल्यात सोडू नये. रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. त्यात तेल किंवा पाणी ठेवायचे नाही.

आता हे शिकवणार कोण? दर गटातून दोन माणसे द्यावीत असे आमचे सांगणे आहे, त्यातला एक तरी स्वतः पंप उचलणारा असावा. सभासदाचा शिकलेला मुलगा येऊन वही भरून नेतो आणि गडी तसाच राहतो. गड्याचा त्या दिवसाचा रोज सभासदाने द्यावा. रोज बुडवून कोण शिकायला येईल?

कोणाला बाधा झालीच तर आधी फवारा बंद, भिजलेले कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुवावे. लिंबू, ताक, मीठ-पाणी पाजत बसू नये, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नये. थेट सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे रुग्णालय किंवा जवळचा सरकारी दवाखाना गाठावा. ॲट्रोपिन वेळेवर मिळाले तर माणूस वाचू शकतो, पण कोणते विष हे डॉक्टरांना कळले पाहिजे. म्हणून औषधाची बाटली, नाहीतर तिच्यावरची चिठ्ठी, रोग्याबरोबर पाठवावी. दोन औषधे कालवली असतील तर दोन्ही.